दिवाणखान्यातले अभिवाचन: लेखक घरी आणणाऱ्या सेवेविषयी

लेखकाला घरी बोलावून निवडक श्रोत्यांसमोर त्याच्या पुस्तकाचे अभिवाचन घडवून आणण्याची सेवा काही आयोजक पुरवतात. लेखकाशी बोलणी, मानधन, प्रवास आणि विक्रीच्या प्रती हे सगळे ते पाहतात. यजमानाने घर द्यायचे आणि माणसे जमवायची. अशाच एका सेवेमार्फत आमच्याकडे नुकतेच एका कथालेखिकेचे वाचन झाले. ऐकण्याची व्यवस्था या मंडळींना उत्तम कळते; गप्पांची सूत्रे मात्र यजमानाने स्वतःकडेच ठेवावीत, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

कार्यक्रमाच्या बऱ्याच आधी त्यांनी खोलीची छायाचित्रे मागवली आणि दार कुठल्या भिंतीला आहे, रस्त्याकडची खिडकी कोणती, पंखा कुरकुरतो का, अशी बारीकसारीक चौकशी केली. खिडकीसमोरची देखणी जागा त्यांनी नाकारली, कारण पाठीमागून उजेड आला की वाचणाऱ्याचा चेहरा काळवंडतो. खुर्ची लांब भिंतीच्या मध्यावर आल्यामुळे श्रोते दोनच अर्धवर्तुळाकार रांगांत मावले आणि दार त्यांच्या पाठीशी गेल्याने उशिरा आलेल्यांमुळे कोणाचे लक्ष विचलित झाले नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे 6 डेसिबलने उतरते. बंद खोलीत भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळे ही घट कमी असली, तरी हलक्या आवाजातली वाक्ये मागच्या रांगांत विरून जातात. बैठकच आटोपशीर ठेवून माइक टाळण्याचा त्यांचा निर्णय मला फार आवडला, कारण घरातल्या वाचनाचे सगळे सुख त्या उघड्या आवाजात आहे.

तिरक्या फळीचे एक अरुंद स्टँड आणि मंद दिवा त्यांनी सोबत आणला होता. चार्ल्स डिकन्स यांनी 1858 मध्ये मानधन घेऊन जाहीर वाचने सुरू केली. त्या वाचनांसाठी त्यांनी खास मेज बनवून घेतले होते आणि आपला चेहरा व हात श्रोत्यांना नीट दिसावेत म्हणून गॅसच्या दिव्यांची योजना केली होती. पुस्तकाआड लपलेल्या चेहऱ्याचे वाचन अर्धेच पोहोचते, ही जाण या मंडळींनाही आहे.

वाचन वीस-वीस मिनिटांच्या दोन भागांत झाले. सावकाश वाचले तर मिनिटाला साधारण 120 शब्द होतात, म्हणजे एका भागात जेमतेम 2400. त्यामुळे कोणता मजकूर घ्यायचा हे लेखिकाबाईंनी आयोजकांशी आधीच ठरवले होते. मधल्या वेळेत त्यांची प्रत जवळून पाहायला मिळाली. ‘ती म्हणाली’, ‘तो उत्तरला’ असे तुकडे पेन्सिलीने खोडलेले होते, कारण कोण बोलते आहे ते आवाजातूनच कळते. एका समासात नुसते ‘थांब’ लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. दुसऱ्या भागात नेमक्या त्याच जागी त्या इतका वेळ थांबल्या की खाली मान घालून ऐकणाऱ्यांनीही वर पाहिले.

उणीव जाणवली ती निवेदनात. आयोजकांच्या प्रतिनिधीने प्रास्ताविक म्हणून पुस्तकाच्या मलपृष्ठावरचा मजकूरच वाचून दाखवला, त्यात कथेचा शेवट अर्धा उघड झाला आणि वाचन संपताक्षणी त्यानेच लेखनाच्या प्रेरणेविषयी ठरीव प्रश्न विचारला. नुकत्याच ऐकलेल्या कथेवर बोलायला आतुर असलेली माणसे त्यामुळे गप्प बसली. पुढे एका आजींनी कथेतल्या सासूची बाजू हिरिरीने मांडली, तेव्हा कुठे खरी चर्चा सुरू झाली, आणि मग लेखिकाबाईही खुलल्या. ज्याने पुस्तक मनापासून वाचले आहे अशा घरच्याच कोणी पहिला प्रश्न विचारला असता, तर ही रंगत सुरुवातीपासून आली असती.

व्यवहार चोख होता. ध्वनिमुद्रण लेखिकेच्या लेखी परवानगीशिवाय होणार नाही, हे करारातच नमूद होते. पुस्तकांचा हिशेब त्याच संध्याकाळी मिळाला आणि मानधन आधीच पोहोचल्याचे लेखिकाबाईंनी आपणहून सांगितले. पुढच्या वाचनासाठी मी याच मंडळींना बोलावणार आहे. प्रास्ताविक आणि पहिला प्रश्न यजमानाकडे राहील, एवढे मात्र करारात आधी लिहून घेईन.