छिंगहावला सोलापुरात खत नको, बल्ब हवा

छिंगहाव म्हणजे जिच्यापासून हिवतापाचं औषध निघतं ती चिनी वनस्पती. तिच्या बियाण्याच्या पाकिटावर उंची सहा फूट छापली होती. माझी रोपं गुडघ्याला लागायच्या आतच फुलावर आली! विक्रेत्याला फोटो पाठवले, तर म्हणे खत कमी पडलं. शेणखत, निंबोळी पेंड सगळं घालूनही हे ऐकून घ्यायचं? दीडशे रुपये परत मागितल्यावर तर फोन उचलणंच बंद.

आता मात्र बियाण्याला मी नावं ठेवत नाही. दिवस साधारण साडेतेरा तासांपेक्षा लहान असला की हे झाड फुलायला लागतं, आणि सोलापुरात जूनमधला सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आतच मावळतो. म्हणजे आपल्याकडे त्याला बारा महिने फुलायचीच वेळ, उंच व्हायची नाही. एवढी एक ओळ पाकिटावर छापायला काय जड होतं? माझा राग त्यावर आहे.

पुढच्या खेपेला कुंड्यांवर नऊ वॅटचा एलईडी टांगला, दिवेलागणीपासून रात्री दहा-अकरापर्यंत. महिन्याला जेमतेम एक युनिट. रोपं छातीला आली तरी कळीचा पत्ता नाही! पानं गाजराच्या पाल्यासारखी, चुरगाळली की कापराचा उग्र वास. आई तळहातावर चोळून म्हणाली, "हे दवण्याच्या कुळातलं दिसतंय रे." खरंच आहे, दोघांचंही शास्त्रीय नाव आर्टेमिसियानेच सुरू होतं.

बाकी फार लाड नाहीत. बी अतिशय बारीक, ते वाळूत मिसळून फेकायचं, वर माती टाकायची नाही, पाणी फवाऱ्याने. नुसती काळी माती भरू नका, पाणी साचून मुळं कुजतात. नळाला चार दिवसांआड पाणी आलं तरी मोठं झाड तगतं. एप्रिलमध्ये हिरवी जाळी हवीच.

चिनी शास्त्रज्ञ तू योयो यांना 2015 चं नोबेल मिळालं ते याच झाडातल्या हिवतापाच्या औषधासाठी. चौथ्या शतकातले चिनी वैद्य गे होंग यांनी पाला पाण्यात भिजवून, पिळून रस प्यायला सांगितलं होतं, उकळायला नाही. उष्णतेने औषध बिघडत असावं, असं त्यावरून ताडून योयोंनी 1971 मध्ये अवघ्या 35 अंशांना उकळणाऱ्या इथर या द्रवाने अर्क काढला आणि तो लागू पडला. म्हणून घरचा काढा हिवतापावर घेऊ नका. पानातलं औषध झाडागणिक कमीजास्त असतं, जागतिक आरोग्य संघटनेचाही याला नकार आहे. ताप आला की रक्त तपासा.

यंदा तीन कुंड्या मुद्दाम बल्बाविना ठेवल्यात. एकट्या झाडाला बी नीट धरत नाही, म्हणून शेजारी-शेजारी. फुलं आलीत. बी तयार झालं की आमच्या जुळे सोलापूर भागातल्या कुणालाही फुकट देईन, बल्बाची सूचना पुडीवर लिहून.