आधी सामान, मग उजेड, रंग सगळ्यात शेवटी : आमच्या जुन्या फ्लॅटचं काम आणि ते करणारी डिझायनर

पुण्यात सिंहगड रोडला आमचा टू बीएचके आहे. ६२० चौरस फूट कार्पेट, इमारत १९९४ सालची. लेकीचं लग्न झालं, सासूबाई कायमच्या आमच्याकडे राहायला आल्या, आणि घर नव्याने लावायचं ठरलं. ज्या डिझायनर मुलीकडून काम करून घेतलं तिच्याबद्दल सविस्तर लिहितेय. घराचं काम काढलं की पहिला प्रश्न असतो ‘रंग कुठला द्यायचा?’ तिने तो सगळ्यात शेवटी घेतला, आणि माझ्या मते तिची खरी हुशारी तिथेच आहे.

त्याआधी आम्ही एका मोठ्या मॉड्युलर शोरूममध्ये जाऊन आलो होतो. अर्ध्या तासात संगणकावर चित्रं तयार: राखाडी भिंती, सोनेरी पट्ट्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत टीव्ही युनिट. आमच्याकडे गौरी-गणपती असतात का, गाद्या किती आहेत, घरात वयस्कर कोणी आहे का, यातलं एकही विचारलं नाही.

ही मुलगी पहिल्या भेटीतच टेप घेऊन कपाटांपुढे बसली. “काकू, माळ्यावरचं सगळं एकदा खाली काढूया का?” म्हणाली. मग हॉलमध्ये पसारा मांडला: गणपतीचं मखर, चौरंग, समया, गौरींचे मुखवटे आणि उभ्याचे स्टँड, पुरणयंत्र, पितळी परात, घंगाळ, पाहुण्यांच्या गाद्या, आकाशकंदील. रोज लागणारं, महिन्यातून लागणारं आणि वर्षातून एकदा लागणारं असे तीन ढीग केले आणि प्रत्येक मोठ्या वस्तूचं माप वहीत लिहून घेतलं. रोजचं सामान गुडघ्यापासून डोळ्यांच्या उंचीपर्यंत, वर्षाचं माळ्यावर, हा तिचा नियम. त्या वहीवरूनच कपाटं निघाली. गौरींच्या स्टँडसाठी आमच्या खोलीतल्या कपाटाच्या कडेला १२ इंच रुंदीचा उभा कप्पा आहे, तळापासून वरपर्यंत मोकळा. बाहेरून तो वेगळा दिसतही नाही.

सासूबाईंच्या कपाटाबद्दल तर किती सांगू. त्यांना वाकवत नाही आणि बोटं आखडतात. म्हणून खालचा दीड फूट भाग आमच्या जादाच्या चादरींना दिला, आणि नऊवारी लुगड्यांसाठी कमरेच्या उंचीवर चॅनलवर बाहेर येणारे उथळ ट्रे केले. ट्रे ओढला की लुगडी वरून दिसतात, ढिगाखालून उपसावी लागत नाहीत. हँडल चारही बोटं आत जातील असं लांब आणि गोल कडेचं. मिस्त्रींनी तीन हँडलं स्क्रूने तात्पुरती लावून दाखवली आणि सासूबाईंनी स्वतः दार उघडून एक पसंत केलं. त्यांच्या पलंगाला हायड्रॉलिक स्टोरेज द्यायला मात्र तिने सरळ नकार दिला. गादीसकट फळी उचलणं हे त्यांचं काम नाही, आणि खाली वस्तू गेली की दर वेळी कोणाला तरी हाक मारावी लागणार. आमच्या पलंगाला ते दिलं, पण बाजूला हवेची भोकं ठेवून, म्हणजे पावसाळ्यात आतल्या गाद्यांना कुबट वास लागत नाही.

प्लायच्या बाबतीत एक गोष्ट मला फार आवडली. सिंकखाली आणि बाथरूमच्या भिंतीला टेकणाऱ्या कपाटांना ७१० ग्रेडचा, म्हणजे पाण्याला सगळ्यात चांगला टिकणारा मरीन प्लाय, बाकी ठिकाणी ३०३ मधला बीडब्ल्यूआर, म्हणजे त्याखालोखाल ओल सोसणारा, हे तिने कोटेशनमध्येच लिहिलं होतं. माल भवानी पेठेतून आला, बिल माझ्या नावाने, पैसे मी थेट दुकानदाराला दिले. शीट उतरवताना मिस्त्री प्रत्येकीवरचा आयएसआयचा शिक्का दाखवत होते. तिची फी वेगळी आणि ठरलेली असल्यामुळे महागाचं काही गळ्यात मारण्यात तिचा फायदा नव्हता, आणि हे पुढे अनेकदा जाणवलं. हॉलला फॉल्स सीलिंग हवं असा यांचा आग्रह होता. आमच्या छताची उंची जेमतेम ९ फूट. त्यातले पाच-सहा इंच गेले की पंखा डोक्यावर येईल, म्हणून तिने ते काम रद्द करायला लावलं. स्वतःचं काम कमी करून सांगणारी माणसं दुर्मीळ!

आता उजेड. आधी प्रत्येक खोलीत छताशी एक पांढरी ट्यूब होती. ओट्याशी उभं राहिलं की ट्यूब पाठीमागे, आणि आपलीच सावली चिरायच्या पाटावर. तिने वरच्या कपाटांच्या तळाला, पुढच्या कडेजवळ एलईडी पट्टी बसवली, ॲल्युमिनियमच्या पट्टीत आणि दुधी झाकणासकट. झाकण नसतं तर काळ्या ग्रॅनाइटमध्ये दिव्यांचे ठिपके दिसले असते. स्वयंपाकघरात ४००० केल्विन, हॉल आणि बेडरूममध्ये ३००० केल्विन (हा उजेडाच्या छटेचा आकडा, जितका कमी तितका उजेड पिवळसर), आणि सासूबाईंच्या पलंगापासून बाथरूमपर्यंत पायाशी छोटे सेन्सरचे दिवे. रात्री पाय खाली ठेवला की आपोआप लागतात. त्यांना आता रात्री मला उठवावं लागत नाही.

दिव्याचा आणखी एक आकडा तिने आम्हाला शिकवला, सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचं माप. एकाच वॉटचे, एकाच केल्विनचे दोन बल्ब आणले, एकाचा सीआरआय ८०, दुसऱ्याचा ९०च्या वर. मग माझी लाल पैठणी आणि कोथिंबिरीची जुडी दोन्हींखाली धरून दाखवली. पहिल्याखाली पैठणीचा लाल विटकरीकडे झुकला आणि कोथिंबीर शिळी वाटली. दुसऱ्याखाली दोन्ही जशी आहेत तशी दिसली. असे बल्ब महाग पडतात आणि कोपऱ्यावरच्या दुकानात सहसा मिळत नाहीत, आम्ही तापकीर गल्लीतून आणले. ओट्यावर आणि कपाटाच्या आरशाजवळ ते घ्याच. पॅसेज-बाथरूमला साधे चालतात.

हे सगळं झाल्यावर रंग. त्यातही आधी लॅमिनेट (कपाटांवर लावायचा सनमायका), मग पडदे, मग भिंती. कारण लॅमिनेट ठरावीक छटांतच मिळतं, रंग मात्र मशीनवर हव्या त्या छटेत मिसळून देतात. शेड कार्डावर तिचा भरवसा नव्हता. खिडकीसमोरच्या आणि खिडकीलगतच्या अशा दोन्ही भिंतींवर दोन-दोन फुटांचे चौकोन दोन हात देऊन रंगवले, नवे दिवे लावले आणि सकाळ, दुपार, रात्र बघायला सांगितलं. कार्डावर शांत वाटलेला राखाडी आमच्या भिंतीवर दुपारी निळसर आणि रात्री मळकट दिसला. शेवटी हॉलला ताकासारखा पांढरा आला, तोही आम्ही निवडला होता त्याहून एक पायरी फिका, कारण पूर्ण भिंतीवर रंग कार्डापेक्षा गडद वाटतो.

पॅसेज अंधारा आहे, म्हणून तो पांढराशुभ्र करावा असं सगळेच सुचवत होते. तिने बाजूच्या भिंती फिक्या ठेवल्या, पण टोकाची भिंत गडद मोरपिशी केली आणि तिच्यावर वरून एक दिवा सोडला. गडद रंग उजेड गिळतो, तेव्हा दिवा त्याच भिंतीवर हवा. आता नजर थेट टोकापर्यंत जाते आणि पॅसेज बोगद्यासारखा वाटत नाही. बाथरूमच्या दाराची चौकटही भिंतीपेक्षा ठळक गडद आहे. सासूबाईंची नजर अधू झालीय, त्यांना दार लांबून ओळखू येतं.

तक्रारीही आहेत. रंगाचा ठेकेदार बाहेरचा होता आणि पावसाळ्यात पुट्टी ओली असतानाच प्रायमर मारायला निघाला होता. तिने वेळीच थांबवलं, पण असा माणूस तिनेच आणला होता. हॉलमधल्या उघड्या फळ्यांचा आग्रह तिचा. रस्त्याच्या बाजूचं घर, रोज धुळीचा थर. शेवटी काचेची दारं बसवावी लागली. मजुरी तिने घेतली नाही, काचेचे पैसे आम्ही दिले. माळ्याच्या दारांचं ड्रॉइंग उशिरा आलं, तोवर सुतार दुसऱ्या साइटवर गेले आणि काम रेंगाळलं. ज्यांना ठरल्या तारखेला गृहप्रवेश करायचाय त्यांनी तिच्याकडून आधी तारखा लिहून घ्याव्यात.

कोटेशन कपाटाच्या दर्शनी चौरस फुटांवर होतं आणि त्यात बिजागऱ्या, चॅनल, हँडलं धरलेली नव्हती. आमच्याकडे ट्रे आणि ड्रॉवर जास्त, त्यामुळे हार्डवेअरचं बिल अंदाजाच्या बरंच वर गेलं. तुम्ही काम दिलंत तर चॅनल किती, कुठल्या लांबीचे, सॉफ्ट क्लोज (हळूच बंद होणारे) कुठे आणि साधे कुठे, याची यादी पहिल्याच कोटेशनला जोडून मागा. ती विचारल्यावर सगळं नीट सांगते, आपणहून सांगत नाही.