क्रॉलरला फ्लेक्स किती द्यायचा? लांब शॉक आणि आटोपशीर सेटअप, नागपूरच्या दगडांवर

पुढच्या एका चाकाखाली दोन विटा रचायच्या, उरलेली तीन चाकं जमिनीला टेकलेली ठेवायची आणि फोटो काढायचा. आरसी क्रॉलर, म्हणजे रिमोटवर चालणारी आणि दगडांवर सावकाश चढणारी छोटी गाडी, नव्याने घेणाऱ्या बहुतेकांना चांगलं सस्पेन्शन म्हणजे हेच वाटतं, आणि म्हणून गाडीनंतरची पहिली खरेदी लांब शॉक (शॉक ॲब्सॉर्बर) आणि मऊ स्प्रिंगची असते. माझं मत याच्या उलट आहे. एक-दशांश आकाराच्या गाडीला आपल्याकडच्या दगडांवर साधारण चाकाच्या उंचीइतका फ्लेक्स, म्हणजे एक चाक वर गेलं तरी बाकीची टेकलेली ठेवणारी सस्पेन्शनची लवचीकता, पुरतो. त्यापुढच्या प्रत्येक सेंटीमीटरची किंमत आडव्या उतारावर मोजावी लागते.

फ्लेक्सचं हे वेड खऱ्या जीपकडून आलं आहे आणि तिथे ते रास्त आहे. साध्या डिफरन्शियलच्या (डिफ, म्हणजे एका ॲक्सलच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरपेटी) जीपचं एक चाक हवेत गेलं की ते नुसतं फिरत राहतं आणि त्याच ॲक्सलचं जमिनीवरचं चाक थंड पडतं. अशा गाडीत चाक जमिनीवर ठेवणं म्हणजेच ओढ टिकवणं. आपल्या क्रॉलरमध्ये मात्र दोन्ही डिफ बहुधा कायम लॉक केलेले असतात, म्हणजे एका ॲक्सलची दोन्ही चाकं एकत्रच फिरतात. एक चाक दोन इंच वर उचललं गेलं तरी बाकीची तिन्ही चाकं पूर्ण जोराने ओढतात. म्हणजे क्रॉलरमध्ये फ्लेक्सचं मुख्य काम गाडीचा तोल सांभाळण्याचं आहे, ओढीचं नंतर. हे लक्षात आलं की पुढचे बरेच निर्णय आपोआप सुटतात. अपवाद २०१७ मध्ये आलेल्या ट्रॅक्सस टीआरएक्स-४ सारख्या गाड्यांचा. तिच्यात रिमोटवरून डिफ उघडता आणि लॉक करता येतात. उघडा ठेवून चालवायची सवय असेल तर थोडा जास्त फ्लेक्स उपयोगी पडतो, पण दगड चढताना कोणीही तो लॉकच करतो.

आता दोन सेटअप समोरासमोर ठेवू. पहिला लांब: १०० ते ११० मिलिमीटरचे शॉक, मऊ स्प्रिंग, पातळ तेल. दुसरा आटोपशीर: ९० मिलिमीटरचे शॉक, मध्यम स्प्रिंग, आणि गाडी स्वतःच्या वजनाने उभी असताना शॉक जवळजवळ निम्मा दबलेला. लांब सेटअप दोन आडव्या विटांवर, म्हणजे सुमारे १५ सेंटीमीटरवर, चढूनही उरलेली चाकं सोडत नाही. आटोपशीर सेटअप एक वीट आणि तिच्यावर एक फरशी, म्हणजे १० सेंटीमीटरच्या आसपास, इथपर्यंत साथ देतो आणि मग मागचं एक चाक उचलतो.

फरक पाच सेंटीमीटरचाच दिसतो, पण कोनात बघा. डाव्या-उजव्या चाकांच्या मध्यांत १९ सेंटीमीटर अंतर धरलं तर एक चाक १० सेंटीमीटर उचलल्यावर पुढचा ॲक्सल मागच्याच्या तुलनेत साधारण ३२ अंश वाकतो. १५ सेंटीमीटरवर हाच कोन ५२ अंशांच्या घरात जातो. एवढा वाकायला सस्पेन्शन मोकळं सोडावं लागतं, आणि जे सस्पेन्शन दगडावर सहज वाकतं ते उतारावरही सहज वाकतं. त्याला दोन्हींतला फरक कळत नाही.

आडव्या उतारावर हे उघड दिसतं. डोंगराच्या कडेने गाडी तिरकी चालवा. मऊ स्प्रिंगची गाडी खालच्या बाजूच्या शॉकवर झुकते, बॉडी आणि बॅटरी त्या बाजूला सरकतात, वरची चाकं हलकी होतात आणि गाडी गडगडते. त्याच रेषेवर आटोपशीर गाडी थोडी वाकून थांबते. आपल्याकडच्या वाटांवर तिरकं चालणं उभ्या चढापेक्षा जास्त वेळा येतं, म्हणून माझ्या हिशेबात ही एक बाब बाकी सगळ्यांवर भारी आहे.

दुसरी अडचण मोटरच्या पिळाची. उभ्या चढावर थ्रॉटल दिला की ड्राइव्हशाफ्टचा पीळ चॅसिसला एका बाजूला वळवतो, एक खांदा उचलतो आणि पुढचं एक चाक हलकं होतं. स्प्रिंग जितकी मऊ, तितका हा पीळ मोठा दिसतो. पोर्टल ॲक्सलच्या गाडीत गिअरची शेवटची कपात थेट चाकापाशी होते, त्यामुळे शाफ्टमधून जाणारा पीळ कमी असतो आणि त्रासही कमी. साध्या ॲक्सलच्या गाडीला लांब शॉक लावून मग एका बाजूची स्प्रिंग बदला, प्रीलोड (स्प्रिंगवरचा आधीचा दाब) वाढवा, स्वे बार (गाडीचं झुकणं रोखणारी आडवी दांडी) लावा अशी मलमपट्टी करत बसणारे बरेच भेटतात. आटोपशीर गाडीत त्यातलं फारसं काही लागत नाही.

ड्रूपबद्दल, म्हणजे ॲक्सलच्या खाली लोंबण्याबद्दल, थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ‘फ्लेक्स’ म्हणून जे मोजलं जातं त्यात वर दबणं आणि खाली लोंबणं दोन्ही येतं, आणि ते एकसारखं नाही. खाली लोंबणारा ॲक्सल खड्ड्यात चाक पोचवतो आणि गाडी बुटकी राहते, हा मोठा फायदा. पण उभ्या चढावर वजन मागे गेलं की पुढचा ॲक्सल लोंबत खाली उतरतो, चॅसिसचं नाक वर उठतं आणि गाडी पाठीवर पडते. म्हणून पुढच्या शॉकच्या आत दांड्यावर सिलिकॉन नळीचा छोटा तुकडा घालून लोंबणं पाच-सहा मिलिमीटरने कमी करायचं. खर्च नगण्य, आणि चढावरचा फरक लगेच जाणवतो.

लांब सेटअपची बाजू कमकुवत आहे असं मात्र नाही. काटोल रोड, अमरावती रोडच्या बाजूला दख्खनच्या काळ्या दगडाची पूर्वेकडची कड आहे. तिथला बेसाल्ट कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटत जातो आणि आत गोल धोंडे उरतात. टोंगळ्याएवढे धोंडे एकमेकांना टेकलेले आणि मध्ये फटी, अशा जागी चाक फटीत उतरतं. तिथे लांब शॉकची गाडी शांतपणे पाय टाकत जाते, तर आटोपशीर गाडी एक चाक वर धरून डुलते. तुम्हाला असल्या धोंड्यांत तास-दोन तास हळूहळू एकेक रेषा सोडवायला आवडत असेल आणि तिरक्या उतारांवर तुम्ही फारसे जात नसाल, तर लांब शॉक घ्या. तो निर्णय चुकीचा ठरणार नाही.

रामटेक-मनसरकडे दगड बदलतो. तिथला रूपांतरित खडक जुना आणि कोनदार, त्यात सपाट तिरक्या पाट्या जास्त. तिथे आटोपशीर गाडीच चालवावी. कन्हानच्या पात्रात रेती आणि सुटे गोटे, तिथे फ्लेक्सचा प्रश्नच गौण आहे. टायर मऊ हवेत, त्यांच्या आतला फोम बरोबर हवा आणि वजन खाली हवं. खरं तर मऊ टायर आणि नरम फोम हेही एक प्रकारचं सस्पेन्शनच आहे. दगडाच्या टोकावर टायर दबून त्याला कवेत घेतो, आणि हे काम शॉकपेक्षा आधी होतं. घराजवळ सराव करायचा असेल तर सिमेंट रस्त्याच्या कामातून निघालेले तुकडे अंगणात रचा. त्यांच्या कडा धारदार असतात आणि पकडही चांगली मिळते. पावसाळ्यात बेसाल्टवर शेवाळ धरलं की दोन्ही सेटअप सारखेच घसरतात, त्या दिवसांत निकाल लावू नका.

उन्हाळ्याचं गणित वेगळं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि नवतपात काळा दगड हात लावू देत नाही. शॉकमधलं सिलिकॉन तेल तापलं की पातळ होतं आणि ज्या गाडीत आधीच पातळ तेल आहे ती चाक दगडावरून उतरलं की झुलत राहते. त्यामुळे मार्च ते जून या काळात लांब सेटअपमध्ये एक पायरी घट्ट तेल भरणं गरजेचं आहे. आटोपशीर सेटअपमध्ये स्प्रिंगच बरंचसं सांभाळून घेते, तेल बदललं नाही तरी चालून जातं. पहाटे निघून नऊच्या आत परतणं हा दोघांसाठी उत्तम उपाय.

बॉडीचाही विचार करा. स्केल बॉडी (खऱ्या गाडीची हुबेहूब लहान प्रतिकृती) आवडत असेल तर लांब फ्लेक्समध्ये टायर चाकाच्या कमानीला घासतो, आणि मग एकतर बॉडी कापायची किंवा वर उचलायची. वर उचलली की वजन वर गेलं, म्हणजे पुन्हा तिरक्या उतारावर तोच प्रश्न. शिवाय कोन वाढला की ड्राइव्हशाफ्टचे सांधे अडकू लागतात, आणि पॅनहार्ड दांड्याच्या (ॲक्सलला चॅसिसशी आडवा जोडणाऱ्या दांड्याच्या) गाडीत ॲक्सल वर-खाली होताना बाजूला सरकून स्टिअरिंगही किंचित वळतं.

दोन्हींच्या मधला एक रस्ता मला सर्वांत पटतो: पुढे मऊ, मागे घट्ट. चॅसिस नेहमी घट्ट बाजूच्या ॲक्सलच्या कोनाजवळ राहते. मागचा ॲक्सल थोडा घट्ट ठेवला तर पुढचं चाक धोंड्यावर चढताना बॉडी फारशी झुकत नाही आणि वजन मागे गेल्यावर मागचे शॉक बसून जात नाहीत. मागच्या स्प्रिंगची जोडी बदलणं हा लांब शॉकचा संच घेण्यापेक्षा बराच स्वस्त प्रयोग आहे.

मोजायचं कसं? सपाट फरशीवर गाडी बॅटरी आणि बॉडीसकट उभी करा. पुढच्या एका चाकाखाली वीट, मग वर फरशीचे तुकडे, असं वाढवत न्या आणि कुठलं चाक पहिल्यांदा उचलतं ते बघा. मागचं चाक १० सेंटीमीटरच्या आत उचललं तर स्प्रिंग मऊ करा किंवा लिंक (ॲक्सलला चॅसिसशी जोडणारी दांडी) कुठे अडकतेय ते शोधा. बहुतेक वेळा अडकणारा सांधा किंवा ताणलेली सर्वोची (स्टिअरिंग वळवणाऱ्या मोटरची) वायर सापडते, आणि तेवढं सोडवलं की नवे शॉक लागतच नाहीत. १३ सेंटीमीटरच्या पुढेही चारही चाकं टेकलेली असतील तर तीच गाडी ३५ अंशांच्या फळीवर आडवी उभी करा. आपणहून उलटली तर आधी स्प्रिंग घट्ट करा, मग ड्रूप कमी करा, आणि पितळी वजनं चाकांच्या नकलमध्ये (ॲक्सलच्या टोकाशी चाक धरणाऱ्या भागात) सर्वांत शेवटी घाला.