अठराशे रुपयांत सजलेली बोलेरो : आठवडी बाजारातल्या सामानाचा वर्षभराचा हिशेब

सेवानिवृत्तीनंतर आम्ही उभयतांनी ठरवले की, विदर्भ एकदा आपल्या सोयीने, आपल्या वेळेने आणि शक्यतो आपल्या हातचे खाऊन पाहावा. कॅम्पर म्हणून तयार मिळणारी गाडी घेण्याची ऐपत नव्हती आणि दारात दहा वर्षे वापरलेली बोलेरो उभी होतीच, त्यामुळे तिलाच फिरते स्वयंपाकघर आणि कपड्यांचे कपाट करायचे असे पक्के झाले. मुक्काम बहुधा धर्मशाळेत, वनविश्रामगृहात किंवा ओळखीच्या वावरातल्या खाटेवर होतो. म्हणजे प्रश्न झोपण्याचा नव्हता, तर दोन माणसांच्या आठ दिवसांच्या सामानाचा होता.

पहिली चूक मी अशी केली की, मोबाईलवर चित्रे पाहून या कामासाठीच्या खास वस्तू मागवल्या : भिंतीला चिकटणारे हूक, काचेला चोखून बसणारी रबरी वाटीची फडताळे आणि घडी होणारे पारदर्शक डबे. एकूण 2,140 रुपये गेले. चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो ही बातमीसुद्धा राहिलेली नाही, आणि बंद गाडीच्या आत तर त्याहून कितीतरी अधिक तापते. वरोऱ्यात दीड तास उन्हात उभ्या राहिलेल्या आमच्या गाडीत तापमापीने 59 अंश दाखवले होते. त्या उष्णतेत हुकांचा गोंद चिक्कीच्या पाकासारखा ओघळला, रबरी वाट्या एकामागून एक सुटल्या आणि डब्यांची झाकणे अशी वाकली की चारपैकी एकही पुन्हा नीट बसले नाही. त्या वस्तू निकृष्ट होत्या असे मी म्हणणार नाही. घरातल्या गार फरशीच्या स्वयंपाकघरात त्या कदाचित वर्षानुवर्षे टिकल्या असत्या, पण आमच्या उन्हासाठी त्या घडवलेल्याच नव्हत्या.

त्यानंतर आम्ही तालुक्याच्या आठवडी बाजारात ताडपत्रीखाली मांडल्या जाणाऱ्या प्लास्टिकच्या दुकानात गेलो. हे परीक्षण मुख्यतः त्या दुकानाचे आणि तिथून आणलेल्या सामानाचे आहे. बादल्या, घमेली, फवारणीच्या पंपाचे नळे आणि दुधाच्या कॅन यांच्या गर्दीत बसलेला तरुण विक्रेता गिऱ्हाइकाला आधी 'कशासाठी पाहिजे' असे विचारतो, ही त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू होय. मी पुन्हा झाकणाचे पारदर्शक डबे उचलताच तो म्हणाला, "हे नका नेऊ जी काकाजी, उन्हात वाकते आन् मंग झाकण बसत नाही." स्वतःचा माल न विकण्याचा सल्ला देणारा दुकानदार मला बऱ्याच वर्षांनी भेटला.

त्याने दाखवले ते भाजीपाला आणि संत्री वाहून नेण्याचे जाळीदार क्रेट. अंदाजे 54 सेंटिमीटर लांब, 36 रुंद आणि 29 उंच असे हे क्रेट कोणत्याही फळबाजारात दिसतात. जुने, पण न तडकलेले चार क्रेट आम्ही प्रत्येकी 150 रुपयांना घेतले आणि आज वर्षभरानंतर निःशंकपणे सांगतो की, गाडीसाठी याहून चांगली पेटी या किमतीत मिळणार नाही. ते जाड प्लास्टिकचे असल्याने उन्हात वाकत नाहीत, एकावर एक खाचेत बसतात, त्यांना दोन्ही बाजूंना हात घालण्याची जागा असते आणि, जे मला आधी सुचले नव्हते, जाळीमुळे आतली हवा खेळती राहते. श्रावणात चिखलदऱ्याला तीन दिवस धुक्यात काढले तेव्हा बंद सुटकेसमधल्या कपड्यांना कुबट वास आला, क्रेटमधल्या कपड्यांना आला नाही.

अर्थात ज्या जाळीतून हवा येते त्याच जाळीतून धूळही येते. आमच्या भागातल्या कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यावरून एकदा गेले की पांढरा टॉवेल राखाडी होतो. त्यावर उपाय म्हणून तांदळाच्या रिकाम्या कट्ट्यांच्या खोळी गावातल्या शिंप्याकडून शिवून घेतल्या, एका खोळीला 60 रुपये पडले. युरियाची 45 किलोची पोती फुकट मिळत होती, परंतु अन्नाच्या आसपास खताचे पोते नको असा सौ. चा आग्रह होता आणि तो योग्यच होता. खोळींचा दोष इतकाच की सतत ऊन लागणाऱ्या बाजूचे विणलेले प्लास्टिक सात-आठ महिन्यांत झडू लागते आणि त्याचे पांढरे तंतू कपड्यांना चिकटतात. दुसऱ्या वेळी मी जाड मांजरपाटाच्या खोळी शिवून घेईन.

क्रेट जागच्या जागी राहणे ही स्वतंत्र समस्या होती. बोलेरोला मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असल्याने रिकाम्या गाडीला खड्ड्यात बसणारा धक्का सौम्य नसतो, आणि मेळघाटातल्या वळणांवर सामान या बाजूचे त्या बाजूला जाते ते वेगळेच. मागची आडवी आसने वर दुमडल्यावर मिळणाऱ्या जागेत आम्ही जुनी रबरी चटई अंथरली, तिच्यावर क्रेट ठेवले आणि आसनांच्या लोखंडी पायांना ते सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधले. पंक्चरवाल्याकडून 40 रुपयांत मिळालेल्या दोन ट्यूब लांबट कापून त्याच्या सहा पट्ट्या झाल्या. बाजारात मिळणारे हुकाचे लवचिक दोर मी आधी वापरले होते, पण त्यांचा आतला रबर उन्हाने सैल पडतो आणि ताणलेला हूक सुटून डोळ्यावर येण्याची भीती वाटते ती निराळी. ट्यूबच्या पट्टीला गाठ मारावी लागते एवढाच तिचा त्रास आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. आम्ही गाडीला एकही भोक पाडले नाही आणि काहीही कायमचे जोडले नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल वाहनात करता येत नाही. म्हणून जे आहे ते दहा मिनिटांत उतरवता येईल असेच ठेवले आहे. गहू दळायला न्यायचा असला की सगळे पडवीत उतरते आणि बोलेरो पुन्हा बोलेरो होते.

त्याच दुकानातून 240 रुपयांना जोडे ठेवण्याचा कप्प्यांचा कापडी पडदा घेतला आणि तो पुढच्या आसनाच्या पाठीवर, डोके टेकण्याच्या उशीच्या दोन दांड्यांना बांधला. जोडे त्यात कधीच गेले नाहीत. काडेपेटी, सुरी, चहापत्ती, औषधे, टॉर्च, चार्जर, सुई-दोरा आणि माझा चष्मा या वस्तू, ज्या पूर्वी प्रत्येक थांब्यावर शोधाव्या लागत, त्या आता हात मागे नेला की सापडतात. पडदा घेताना शिवण तपासावी. आमच्या पडद्याचा तळचा कप्पा बॅटऱ्यांच्या वजनाने दुसऱ्याच महिन्यात उसवला आणि तो घरी दुहेरी टाच घालून शिवावा लागला. औषधांच्या बाबतीतही सावध करतो : उन्हाळ्यात ती गाडीत सोडू नयेत, उतरताना सोबत न्यावीत.

आता हळदीविषयी. घरातला मिसळणीचा स्टीलचा डबा आम्ही पहिल्या प्रवासात तसाच नेला होता. ताडोब्याच्या बाजूला मोहर्लीकडे जाताना एका गतिरोधकावर त्याचे झाकण उडाले आणि वाट्या पालथ्या झाल्या. हळद, तिखट व जिरे तिघेही अंथरुणाच्या चादरीत जाऊन बसले. ती चादर आजही पिवळी आहे. सौ. नी नंतर दुकानातून 25 रुपयांना एक अशा सहा रुंद तोंडाच्या, आट्याच्या, म्हणजे फिरवून घट्ट बसणाऱ्या झाकणाच्या बरण्या निवडल्या, त्यांत तिखट, हळद, मीठ, जवसाची चटणी, तूरडाळ आणि पोहे भरले आणि बरण्यांच्या मधे जुन्या सतरंजीच्या पट्ट्या खोचल्या. तेव्हापासून एकही बरणी सांडलेली नाही. शिवाय खडखडाट थांबला, जो मला सांडण्याइतकाच नकोसा होता. चिखलदऱ्यात वानरे उघड्या दारातून हात घालतात, तिथे आट्याच्या झाकणाचा आणखी एक उपयोग कळला.

पाच किलोच्या गॅस सिलिंडरसाठी एक क्रेट राखून ठेवला आहे. त्यात तो उभा बसतो, आडवा होत नाही. प्रवासात रेग्युलेटर काढून वर टोपी लावतो आणि स्वयंपाक नेहमी गाडीबाहेर, झाडाखाली किंवा शेताच्या धुऱ्यावर (बांधावर) करतो. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो गाडीच्या तळाशी साचून राहतो, त्यामुळे वरची काच उघडी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. कडक उन्हात गाडी बंद करून जायचे असल्यास आम्ही सिलिंडर यजमानांच्या सावलीत उतरवतो.

क्रेटवर टाकलेल्या 350 रुपयांच्या दोन प्लायच्या फळ्यांवर पोळपाट मावतो आणि दोघांची ताटेही. जड वस्तू खाली आणि हलक्या वर हा नियम पाळला की वळणावर गाडी डोलत नाही. चटईचे 180 रुपये धरून सगळा खर्च बरोबर 1,800 रुपये झाला, म्हणजे वाया गेलेल्या पहिल्या खरेदीपेक्षाही कमी.

दुकानाच्या तक्रारीही लिहितो. पावती मिळत नाही, वस्तू परत घेतली जात नाही आणि दुपारी बारानंतर चांगले जुने क्रेट भाजीवाले उचलून नेतात, त्यामुळे सकाळीच जावे लागते. क्रेट उलटा करून कोपरे पाहावेत, केसाएवढी तडसुद्धा पुढे वाढते. आणि 20 लिटरची नळाची पाण्याची कॅन मात्र तिथून घेऊ नये. आमच्या कॅनचा नळ पहिल्याच दिवशी ठिबकू लागला. पुढच्या बाजारात दाखवल्यावर विक्रेत्याने फवारणी पंपाची रबरी चकती त्यात बसवून दिली, पैसे घेतले नाहीत आणि नळ उभा न ठेवता आडवा ठेवून पाहा असे सुचवले. ठिबकणे कमी झाले आहे, थांबलेले नाही. सध्या नळाखाली घमेले ठेवून आम्ही काम भागवतो, आणि त्यात साठलेल्या पाण्याने सकाळी काच पुसली जाते.