डांबर की काँक्रीट? शहरातील रस्त्याचा निर्णय घेण्यापूर्वी

रस्ता नव्याने करायचे ठरले की चर्चा लगेच डांबरीकरण करावे की काँक्रिटीकरण, याकडे वळते. माझ्या मते त्याआधी दोन गोष्टींची उत्तरे मिळवली पाहिजेत: या रस्त्यावरचे पाणी कुठे जाणार आहे, आणि त्याच्या पोटातील जलवाहिन्या, मलवाहिन्या व केबलसाठी तो येत्या काही वर्षांत कितीदा खोदला जाणार आहे. शहरातील रस्ते वेळेआधी खराब होण्यामागे साचलेले पाणी आणि वारंवारचे खोदकाम ही कारणे इतकी प्रबळ असतात की, त्यांचा विचार न करता केलेली साहित्याची निवड फारशी उपयोगी पडत नाही.

डांबरी रस्ता लवचीक असतो. वरचा भार तो खडीच्या थरांकडे आणि तेथून जमिनीकडे सोपवतो. त्यामुळे खालचा थर भिजून मऊ पडला तर वरचे डांबर कितीही चांगले असले तरी टिकत नाही. खड्डा पडण्याची सुरुवात केसाएवढ्या बारीक, जाळीदार भेगांनी होते. त्यांतून पाणी आत झिरपते, जाणारे प्रत्येक चाक ते पाणी खडीच्या फटींतून जोराने ढकलते, खडीवरचे डांबराचे आवरण सुटू लागते आणि भेगांच्या कडेला मातकट पाणी वर येते. हे मातकट पाणी म्हणजे खालची बारीक माती वाहून चालल्याची खूण होय. याच्या आधीच भेगा बुजवल्या तर काम थोडक्यात भागते. नंतर मात्र एक तुकडा निघाला की शेजारची खडी भराभर निखळत जाते. घाईने केलेले काम हे संकट आणखी जवळ आणते. सुमारे 150 अंश सेल्सिअस तापमानाला तयार झालेले मिश्रण थंड होण्यापूर्वी रोलरने नीट दाबले गेले नाही, तर त्यात पोकळी राहते आणि ती 8 टक्क्यांहून अधिक असेल तर पाण्याला वाट मोकळीच मिळते.

तरीही डांबराच्या बाजूने मोठी गोष्ट अशी की, दुरुस्ती सोपी असते आणि वाहतूक काही तासांत सुरू करता येते. मात्र जुना थर खरवडून न काढता थरावर थर चढवत गेल्यास रस्ता उंच होतो आणि पावसाचे पाणी शेजारच्या घरांत शिरते.

काँक्रीटचा रस्ता भार स्वतःच मोठ्या क्षेत्रावर पसरवतो आणि पाण्याने सहजासहजी सुटत नाही. त्याचे आयुष्य साधारणपणे 30 वर्षे धरले जाते, तर डांबरी रस्त्याचे 15 ते 20, तेही मधूनमधून वरचा थर नवा करून. परंतु काँक्रीटला पूर्ण ताकद येण्यासाठी 28 दिवस धरतात, किमान दोन आठवडे त्यावर पाणी मारत राहावे लागते, आणि ओतल्यानंतर पहिल्या दिवसाच्या आतच सांधे, म्हणजे भेग ठरल्या जागीच पडावी म्हणून दिलेल्या सरळ खाचा, कापावे लागतात. उशीर झाला की भेग आपली जागा स्वतः शोधते. पुढे सांध्यांतील भरण निघाले तर तेथूनच पाणी खाली उतरते. खोदकाम तर त्याला सर्वाधिक घातक. नव्याकोऱ्या काँक्रीटच्या रस्त्यात काही महिन्यांतच जलवाहिनीसाठी चर मारलेला मी पाहिला आहे: चर भरताना माती थराथराने दाबली गेली नव्हती, वर काँक्रीटची पट्टी तेवढी ओतली होती, आणि एका पावसाळ्यात ती पट्टी खचून तिच्या दोन्ही कडा तुटल्या. अशा वेळी एका सांध्यापासून दुसऱ्या सांध्यापर्यंतचा संपूर्ण तुकडा बदलावा लागतो, आणि नेमके तेच टाळले जाते.

वाहतूक मोजतानाही वाहनांच्या संख्येपेक्षा आसावरचे, म्हणजे दोन बाजूंची चाके जोडणाऱ्या दांड्यावरचे, वजन महत्त्वाचे असते. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात 1958 ते 1960 या काळात झालेल्या चाचण्यांतून असा ढोबळ नियम पुढे आला की, आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची हानी सुमारे 16 पट होते. म्हणून मोटारी मोजण्यापेक्षा बस, टँकर आणि ट्रक मोजावेत.

या सर्वांचा विचार करता, जेथे अवजड वाहने जास्त आहेत, वाहिन्या आधीच बदललेल्या आहेत किंवा कडेच्या डक्टमध्ये, म्हणजे वाहिन्यांसाठी बांधलेल्या बंदिस्त मार्गात, घेतल्या आहेत, तेथे काँक्रीट निःसंशय सरस ठरते. बसथांबे आणि सिग्नल यांच्यासाठीही मी तेच सुचवेन, कारण तेथे ब्रेक लावणाऱ्या जड वाहनांमुळे डांबर सरकून चाकोऱ्या पडतात. जुन्या वाहिन्या असलेल्या अरुंद रस्त्यावर मात्र आज डांबर बरे. अगदी संथ वाहतुकीच्या गल्लीत पेव्हर ब्लॉकही चालतात, कारण ते उचलून पुन्हा बसवता येतात. मात्र कडेला भक्कम आधार हवा.

निर्णयापूर्वी एक काम अवश्य करावे. जोराचा पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासाने संपूर्ण रस्ता पायी फिरून, पाणी कोठे साचले आहे आणि चेंबरची कोणती झाकणे वरखाली आहेत, हे नकाशावर टिपून घ्यावे. त्या प्रत्येक जागेचा उतार आणि निचरा आराखड्यात दिसेपर्यंत कामाला संमती देऊ नये.