‘सवय होईल’ म्हणत गळ्यात मारलेला चष्मा

ऑनलाइन मागवलेली साडी वेगळ्या रंगाची निघाली तर पार्सल उघडताक्षणी कळतं. चष्म्यात तसं होत नाही. चुकीच्या चष्म्यातूनही दिसतं, बऱ्यापैकी दिसतं, आणि जो त्रास होतो तो आपल्याच डोळ्यांचा आहे असं माणूस धरून चालतो. या धंद्यातल्या लबाडांचं सगळं त्यावरच चालतं. माझ्या लेकीला त्याचा जो त्रास झाला तो दुसऱ्या कुणाच्या मुलांना होऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

लेक बारावीला आहे. उजव्या डोळ्याचा नंबर मायनस ६, त्यात सिलेंडर, म्हणजे एकाच दिशेचा धूसरपणा घालवणारा नंबर, मायनस ०.७५ आणि ॲक्सिस, म्हणजे ती दिशा सांगणारा कोन, १७०. डावा मायनस ५.५०. एवढ्या नंबराला साधी काच जाड होते, कडेला बाटलीच्या बुडासारखी दिसते, आणि या वयात मुलींना ते नको असतं. पुण्यात टिळक रोडवरच्या दुकानात पातळ काचेचा भाव विचारला, तर फ्रेमसकट साडेसहा हजारांच्या घरात गेला. त्याच आठवड्यात मोबाइलवर जाहिरात आली: १.६७ इंडेक्सची काच (इंडेक्स जितका जास्त तितकी काच पातळ), ब्लू कट म्हणजे निळा प्रकाश अडवणारी, ‘निम्म्याहून पातळ’, फ्रेमसकट १,७९९ रुपये. वेबसाइट नीट होती, परतीचे नियम लिहिलेले होते, फोन केला तर उचलला गेला आणि पलीकडची मुलगी अस्खलित मराठीत बोलली. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगितलं. चिठ्ठीशिवाय अजून काही माप लागतं का, असं मी स्पष्ट विचारलं. “नाही ताई, बाकीचं आमचं सॉफ्टवेअर करतं.” कॅश ऑन डिलिव्हरी मात्र नाही, कारण चष्मा खास तुमच्यासाठी बनतो. पैसे यूपीआयने आधी भरले.

पार्सल देखणं होतं. कडक डबी, पुसायचं फडकं, निळा किरण सोडणारं छोटं पेन आणि एक पांढरं कार्ड. पेनचा झोत कार्डावर मारला की ठिपका उजळतो, मध्ये काच धरली की नाहीसा होतो. झाली ब्लू कटची ‘परीक्षा’. सोबत छापील पॉवर कार्ड होतं, त्यावर दोन्ही डोळ्यांचे नंबर अगदी बरोबर. बरोबर असणारच, आपणच पाठवलेली चिठ्ठी त्यांनी परत छापून दिलेली असते. ते कार्ड म्हणजे काच मोजल्याचा पुरावा नव्हे.

चष्मा घातल्यावर लेकीला पीएमपीच्या बसच्या पाट्या वाचता येत होत्या, क्लासमधला फळाही दिसत होता. पण दुपारनंतर कपाळ ठणकायला लागायचं, डोळे ओढल्यासारखे व्हायचे, कधी ओळीवर ओळ चढलेली दिसायची. कर्वे रोडवर फुटपाथवरून उतरताना पायरीचा अंदाज चुकला आणि ती गुडघ्यावर आपटली. कंपनीला फोन केला तर तीच मुलगी म्हणाली, “नवीन नंबर आहे ताई, पंधरा दिवसांत सवय होईल.” यात निम्मं खरं असतं. नंबर बदलला की थोडे दिवस जमीन वर आल्यासारखी वाटते, सिलेंडर बदलला तर जास्तच. पण वेबसाइटवर परतीची मुदत सात दिवसांची होती. पंधरा दिवस सवय लावत बसलं की ती आपोआप उलटते. मुदत उलटल्यावर पुन्हा फोन केला, तेव्हा पहिल्यांदा ऐकायला मिळालं की नंबरचा चष्मा परत घेतच नाहीत.

मग त्याच टिळक रोडच्या दुकानात गेलो. आपल्याकडून घेतलेला चष्मा नाही हे माहीत असूनही तिथल्या ऑप्टोमेट्रिस्टनी (डोळ्यांचा नंबर तपासणाऱ्यांनी) तो लगेच लेन्सोमीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजायच्या यंत्रावर, लावला, याबद्दल त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. काच सरकवत ते तिचं केंद्र, म्हणजे प्रकाश न वळता जिथून सरळ जातो तो बिंदू, शोधत होते. सापडल्यावर त्यांनी एक दांडा दाबला आणि काचेवर शाईचे तीन बारीक ठिपके उमटले. दुसऱ्या काचेवरही तसेच. मग दोन्हीकडच्या मधल्या ठिपक्यांवर मोजपट्टी ठेवून त्यांनी मला वाचायला सांगितलं: ७० मिलिमीटर. नंतर लेकीच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजलं. ते ६२ भरलं. याला पी.डी. म्हणतात. मोठ्या माणसांत ते साधारण ५४ ते ७४ असतं, प्रत्येकाचं वेगळं.

हे ७० कुठून आलं, तेही त्यांनी दाखवलं. काडीच्या आतल्या बाजूला ५२ आणि १८ असे आकडे छापलेले होते. ५२ म्हणजे एका काचेची रुंदी, १८ म्हणजे नाकावरचा पूल. बेरीज ७०. काचेचं केंद्र बाहुलीसमोर आणायचे कष्टच कुणी घेतले नव्हते, फ्रेमच्या बरोबर मधोमध काच कापून बसवून दिली होती. ‘बाकीचं सॉफ्टवेअर करतं’ ते हे.

आठ मिलिमीटरनी काय होतं? एका डोळ्यामागे चार. केंद्र जेवढे सेंटिमीटर सरकलं त्याला नंबराने गुणलं की प्रिझमचा, म्हणजे नजर किती बाजूला वळवली जाते त्याचा, आकडा मिळतो. मायनस ६ ला ०.४ ने गुणलं की २.४, डाव्या डोळ्याचा २.२, दोन्ही मिळून ४.६ प्रिझम. मायनस काचांची केंद्रं अशी बाहेर गेली की समोरची एकच वस्तू एक दिसावी म्हणून दोन्ही डोळ्यांना सतत बाहेरच्या बाजूला ओढ द्यावी लागते, आणि त्या दिशेला डोळ्यांची ताकद मुळात फार थोडी असते. माझी पोर हे दिवसभर करत होती, वर अभ्यास करत होती, आणि मी तिला ‘थोडी कळ काढ’ असं कंपनीचंच वाक्य ऐकवत होते, कारण आम्हाला तसंच सांगण्यात आलं होतं. याचा राग अजून गेलेला नाही. नंबर लहान असता तर एवढी गफलत कदाचित जाणवलीही नसती. जितका नंबर मोठा, तितका हा धोका मोठा.

उजव्या काचेचा ॲक्सिस १७० ऐवजी १० निघाला, म्हणजे वीस अंशांचा फरक (ॲक्सिसमध्ये १८० नंतर पुन्हा शून्यापासून मोजतात). पातळपणाचंही तेच. जुन्या, साध्या १.५६ च्या काचेशेजारी ही ‘१.६७’ ची काच धरली तर कडेची जाडी तंतोतंत सारखी. मुळात १.५६ वरून १.६७ वर गेल्यावर त्याच फ्रेममध्ये कडेच्या जाडीत साधारण पंधरा-सोळा टक्के फरक पडतो. त्यामुळे ‘निम्म्याहून पातळ’ असं जो लिहितो तो तिथेच खोटं बोलत असतो.

आणि ते निळं पेन. त्याचा झोत जांभळ्याच्या जवळचा, ४०५ नॅनोमीटरच्या आसपासचा असतो. स्क्रीनचा निळा प्रकाश मुख्यतः ४५० च्या पुढेमागे. एक अडला म्हणून दुसरा अडतो असं होत नाही. वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२३ साली १७ चाचण्यांचा आढावा घेतला, त्यातही ब्लू कट काचेमुळे स्क्रीनसमोर डोळ्यांचा थकवा कमी होतो असं दिसलं नाही. ते पेन लहान मुलांच्या हाती मात्र अजिबात देऊ नका.

ऑप्टोमेट्रिस्टनी मोजलेले आकडे कंपनीला लिहून पाठवले. उत्तरात पुढच्या खरेदीसाठी तीनशे रुपयांचं कूपन आलं. नंतर फोन बंद झाला. बिलावर जीएसटी नंबर नाही, पत्ता अर्धवट.

कायदा या बाबतीत आपल्या बाजूचा आहे. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल तर विक्रेता तो परत घ्यायला नकार देऊ शकत नाही. नंबरप्रमाणे बनवून दिला ही सबब त्यांनी नंबरप्रमाणे बनवलेलाच नसताना कशी चालेल? कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे मी तक्रार नोंदवली. त्यातून पैसे परत आले नाहीत, पण तक्रारीचा क्रमांक मिळाला आणि तो पुढच्या अर्जाला जोडता आला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही. मी पुण्यातच, ई-जागृती पोर्टलवरून अर्ज केला आहे. निकाल यायचा आहे.

सगळेच ऑनलाइन चष्मेवाले असे नसतात. आमच्या सोसायटीतल्या एका काकांचा कमी नंबरचा वाचायचा चष्मा ऑनलाइनच आला आणि उत्तम आहे. फरक इतकाच, की त्यांच्याकडे पी.डी. मागितली गेली होती. डोळे तपासाल तेव्हा ती चिठ्ठीवर लिहून मागा, दूरची आणि जवळची दोन्ही, कारण वाचताना डोळे आत वळतात आणि अंतर काही मिलिमीटरनी कमी होतं. जो विक्रेता पी.डी. विचारत नाही, त्याच्याकडून मोठा नंबर, सिलेंडर किंवा प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेत दूरचा आणि जवळचा नंबर) मुळीच घेऊ नका. प्रोग्रेसिव्हला तर फ्रेम चेहऱ्यावर चढवून उंचीचं मापही घ्यावं लागतं. चष्मा आला की परतीची मुदत असतानाच लेन्सोमीटरवर तपासून आकडे सही-शिक्क्यासह लिहून घ्या, दोन-चार मिनिटांचं काम आहे. रिफंडसाठी कुणी फोन करून ॲप डाउनलोड करायला सांगितलं तर तो दुसरा चोर समजा, आणि पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

असा चष्मा तुमच्याही घरात पडून असेल, तर काचा बदलून ती फ्रेम वापरात आणायची घाई करू नका. त्याच काचा पुरावा असतात. डबी, पॉवर कार्ड, पार्सलवरचं लेबल, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, यूपीआयची पावती, सगळं एका पिशवीत बांधून ठेवा आणि अर्जाला त्याचे फोटो जोडा.