अंडी उबवायचं यंत्र: सहा महिन्यांनंतर (आणि त्या सक्शन कपबद्दल)

काचेचं दार, आत पंखा, बाहेर आकडा दाखवणारी पट्टी. यंत्र तुम्ही पाहिलेलं असणार, त्यामुळे वर्णन करत बसत नाही. मला बोलायचंय ते सक्शन कपबद्दल. रबराचा, अंगठ्याच्या नखाएवढा. तापमान मोजणारा प्रोब आतल्या भिंतीला धरून ठेवायचा, एवढंच त्याचं काम. तेवढंही त्याला जमत नाही.

जानेवारीत घेतलं, १६५ पौंडांना. बायकोने तेव्हाच विचारलं होतं, थर्मोकोलचा खोका, हीट मॅट आणि थर्मोस्टॅट यात काय वाईट आहे? खरं तर काहीच नाही.

१४ एप्रिलला आमच्या रॉयल पायथनने (पाळलेला आफ्रिकी अजगर) सात अंडी घातली. एक पिवळट आणि आकसलेलं, ते फुकट. बाकीची सहा पांढरीशुभ्र, एकमेकांना चिकटलेली. टॉर्च धरला की आत लाल शिरांचं जाळं. प्रत्येकाच्या डोक्यावर पेन्सिलने फुली मारली, कारण ही काही कोंबडीची अंडी नव्हेत फिरवत बसायला. उलटली तर आतलं पिल्लू मरू शकतं. डब्यात व्हर्मिक्युलाइट (ओल धरून ठेवणारे खनिजाचे हलके दाणे) आणि तेवढ्याच वजनाचं पाणी, वर जाळी, जाळीवर अंडी. तापमान ३१.५. तीन आठवडे आकडा ढळला नाही. तेव्हा लिहायला बसलो असतो तर पाचपैकी पाच तारे दिले असते.

७ मेच्या रात्री पाणी प्यायला उठलो. बाहेर ३१.५च. पण डब्यात मी चार पौंडांचा वेगळा थर्मामीटर ठेवलाय, तो २७ म्हणतोय! दार उघडलं तर कप सुटलेला आणि प्रोब खाली तापणाऱ्या पट्टीवर पडलेला. पट्टी गरम, म्हणजे यंत्राच्या मते सगळं झकास. वर अंडी गारठतायत. इथल्या, म्हणजे इंग्लंडातल्या लेस्टरच्या, बेलग्रेव्ह रोडवरून आणलेल्या कोथिंबिरीच्या जुडीचं रबर काढलं आणि प्रोब डब्याला बांधून टाकला.

सकाळी कंपनीला मेल केला: एक कप पाठवा, टपालखर्च माझा. उत्तर आलं, सुटा भाग मिळत नाही, वॉरंटी आहे तेव्हा अख्खं यंत्र परत पाठवा, कामाचे दहा दिवस लागतील. मी लिहिलं, अहो, आत सहा अंडी आहेत. त्यावर उत्तर: पाठवण्यापूर्वी आतील वस्तू कृपया काढून ठेवाव्यात.

आपल्याकडच्या अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून अंगाला झटके देत स्वतः ऊब तयार करते. तिला ना प्रोब लागतो, ना कप. रॉयलची मादी वेटोळं घालते, पण तशी थरथरत नाही. ऊब बाहेरूनच हवी, आणि लेस्टरच्या मेमध्ये ती कुठून आणणार? (गावाकडच्या मित्रांनो, ‘आपणही पाळू’ म्हणून विचारू नका. भारतीय अजगर १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. सरळ तुरुंग.)

इथवर मे महिन्यात लिहून ठेवलं होतं, शेवटी रागाने दोन तारे ठोकून. आता ऑगस्ट आहे आणि थोडं मागे यावं लागतंय.

१२ जूनला, ५९व्या दिवशी, पहिल्या अंड्याला बारीक चीर पडली. चिरेतून एक नाक आणि नाकावर चिकट बुडबुडा. तो फुगायचा, बसायचा, परत फुगायचा. मी ऑफिसला दांडी मारली. पिल्लं दीड-दोन दिवस नुसती डोकं बाहेर काढून बसतात, उरलेला बलक अंगात जिरवत. ओढून काढायचा मोह आवरायचा. सहापैकी पाच निघाली. सहावं अंडं चौथ्या आठवड्यातच बुरशी लागून गेलं होतं. त्याचं खापर कपवर फोडायला मला फार आवडलं असतं, पण त्यातल्या शिरा पहिल्या दिवसापासूनच विरळ होत्या. दहा-बारा दिवसांत पाचही जणांनी पहिली कात टाकली. चौघांनी लगेच उंदराची पिल्लं गिळली, पाचवं तिसऱ्या खेपेला राजी झालं.

म्हणजे यंत्र वाईट नाही. प्रोब जागेवर असेल तर तापमान धरून ठेवतं, आणि वीजबिलातला फरक मला शोधूनही सापडला नाही. चार तारे. पाचवा कपपायी गेला.

दोन पौंडांना दहा कप मिळाले. एक बाथरूममध्ये लावलाय, त्याला बायकोने अंग घासायची जाळी अडकवलीय. यंत्रात अजून कोथिंबिरीचं रबरच आहे.